पुण्याच्या पेठांतले जुने वाडे आणि त्यांचे मालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार या पेठांतल्या वाड्यांबद्दल मालक, भाडेकरू, परदेशी गेलेले वारस आणि वास्तुकलेचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वाडा पाडायची वेळ येते तेव्हा मागे जाऊन पाहिलं तर बहुतेकदा दोनच कारणं सापडतात: कुठून तरी वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी आणि कधीच पुरे न झालेले कागद. म्हणून उत्तरांचा भर या दोन्हींवर आहे. एकाच गोष्टीची द्विरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाडा नक्की कशाला म्हणायचं? आमचं घर जुनं आहे, पण तो वाडा आहे का?

चौक असेल तर वाडा. घराच्या मधोमध उघडं आकाश, त्याच्या तीन किंवा चारही अंगांनी खांबांची ओसरी आणि ओसरीमागे खोल्या, हा त्याचा गाभा. रस्त्याकडून आत जाताना मोठा दरवाजा, त्यात वाकून जायची लहान दिंडी, मग देवडी (पहारेकऱ्याची जागा), पहिला चौक, सोपा (पुढची उघडी ओसरी), वरच्या मजल्यावर दिवाणखाना. आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी आणि शेवटी परसू व आड. मोठ्या वाड्याला दोन-तीन चौक असत: पहिला कारभाराचा, आतला घरच्या माणसांचा.

इंग्रजी अमदानीत मालकांनी भाड्याने द्यायलाच चौकाभोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं बांधली. अशा चाळवजा इमारतींनाही पेठेत वाडाच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. फक्त त्यांची बांधणी आणि त्यांचे कायदेशीर प्रश्न वेगळे असतात (प्र. १८ पाहा).

२. जुन्या वाटणीपत्रात ‘पूर्वेकडील तीन खण’ असं लिहिलंय. खण म्हणजे किती फूट?

दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच खणी सोपा म्हणजे सहा खांब. टोकाचे दोन अनेकदा भिंतीत अर्धे गाडलेले असतात, त्यामुळे मोजताना चूक होते. खणाचं माप ठरावीक नाही. मिळालेल्या लाकडावर ते ठरायचं आणि साधारण पाच-सहा फूट भरायचं. म्हणून दुसऱ्या वाड्याचं माप लावू नका. तुमच्याच वाड्यात खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत टेप लावा, प्रत्येक खण वेगळा मोजा आणि नकाशावर लिहा. भिंत कोणाच्या वाट्याची हे पत्रात नसेल तर वाटणीनंतर कोणी कुठे दुरुस्ती केली, घरपट्टी कशी विभागली, हे पुरावे उपयोगी पडतात.

३. आमचा वाडा पेशवेकालीन आहे असं घरात सांगतात. ते कसं ओळखायचं?

एका खुणेवर भरवसा ठेवू नका. चार-पाच खुणा एकत्र जुळल्या तरच बोला.

खांब पाहा. खाली फुगीर, वर निमुळते सुरूदार खांब, बुंध्याशी कोरलेली पानं, वर केळफुलासारखे लोंबते घाट आणि दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, हे उत्तर पेशवाईतलं काम. दगडी जोत्यावर पातळ, चपट्या विटा आणि चुना, दरवाजाला आडवा सरकणारा अडसर, हाताने घडवलेले चौकोनी अंगाचे खिळे, याही जुन्या खुणा. ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचांची तावदानं, लोखंडी गर्डर दिसले तर ते काम इंग्रजी काळातलं.

मंगळोरी कौलांवरून मात्र फसायला होतं. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, म्हणजे ही कौलं त्यानंतरचीच. पण पुष्कळ वाड्यांवरचं मूळ धाबं (मातीचं सपाट छप्पर) किंवा थापी (हाताने थापलेली) कौलं नंतर काढून मंगळोरी घातली गेली. छप्पर नवं आणि खालचे खांब शंभर वर्षांनी जुने, असं सर्रास दिसतं.

४. वाड्याला नाव एकाचं आणि मालक दुसराच, असं का?

नाव बांधणाऱ्याचं, पहिल्या मानकऱ्याचं किंवा पुढे तिथे काम करून गेलेल्याचं राहतं. मालकी हात बदलत जाते. नारायण पेठेतला गायकवाड वाडा बडोद्याच्या गायकवाडांचा; तो १९०५ मध्ये लोकमान्य टिळकांनी घेतला आणि पुढे तो केसरीवाडा झाला. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. पेशवाई १८१८ मध्ये गेल्यावर तो सरकारकडे आला आणि १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. शनिवारवाड्याजवळचा नानावाडा नाना फडणवीसांचा, पण पेठेतल्या कितीतरी माणसांना तो शाळा म्हणूनच आठवतो. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली. नाव भिड्यांचं राहिलं, महत्त्व फुल्यांच्या शाळेमुळे आलं. तो वाडा शेवटी इतका खिळखिळा झाला की डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवावा लागला. न्यायालयातली भांडणं चालू असताना छप्पर वाट पाहत थांबत नाही, हे या एका उदाहरणावरून लक्षात ठेवावं.

तुमच्या वाड्याचे मधले मालक कोण हे शोधायचं असेल तर प्र. १३ पाहा.

५. आतून बघता येतील असे वाडे कोणते?

शनिवारवाडा (वास्तुशांत १७३२, आतल्या इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, तट आणि दरवाजे उरले), विश्रामबागवाडा, केसरीवाडा आणि गंज पेठेतला महात्मा फुले वाडा. लाकूडकाम शिकायचं असेल तर विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जासमोर बराच वेळ उभं राहा. खाजगी वाड्यात मात्र मालकाला आधी विचारल्याशिवाय देवडीच्या पुढे जाऊ नये. तिथे लोक राहतात.

६. आमच्या तळघरातून शनिवारवाड्यापर्यंत भुयार जातं म्हणतात. खरं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पेठेतून येतो. जमिनीखाली जी कमानदार वाट सापडते ती बहुतेकदा पाण्याची असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. बंदिस्त नळ उताराने खाली येत, वाटेत दाब मोडायला आणि गाळ काढायला उच्छ्वास (हवेसाठी उघडे ठेवलेले मनोरे) बांधलेले, आणि शेवटी वाड्यांतले व सार्वजनिक हौद. हा नळ काही ठिकाणी माणूस आत शिरू शकेल इतका मोठा आहे, म्हणून भुयाराची कथा तयार होते.

असा नळ सापडला तर तो काँक्रीटने बुजवू नका. त्यातून अजून पाणी वाहत असेल तर ते तुमच्या जोत्याखाली तुंबतं आणि वर्षा-दोन वर्षांत भिंती खालून ओल्या होतात. आत उतरू नका, कोंदट हवेने जीव जाऊ शकतो. तोंडावर जाळी बसवा, फोटो आणि मापं घ्या, महापालिकेच्या हेरिटेज विभागाला कळवा.

७. नदीकडच्या पेठांत वाडे इतके कमी आणि सिमेंटच्या इमारती इतक्या जुन्या का?

१२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेचं पाणी शनिवार, नारायण, सदाशिव, कसबा पेठांत घुसलं. वाड्यांच्या वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या. ही माती भिजली की लोण्यासारखी विरघळते. सांगाडा सागवानी असूनही भिंती बसल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत त्या जागांवर सिमेंटच्या इमारती उठल्या. तुमचा वाडा पुरात उभा राहिला असेल तर तळमजल्याच्या भिंतींत पुराच्या उंचीवर खपली आणि क्षाराची रेघ अजून दिसू शकते. तिथला गिलावा वारंवार सुटण्याचं कारण तेच.

८. भिंतीचा गिलावा सुटतोय. सिमेंटने करून टाकला तर कायमचा होईल ना?

होणार नाही, आणि भिंत लवकर जाईल. वाड्याची भिंत श्वास घेते: जमिनीतली ओल वर चढते आणि माती-चुन्यातून बाहेर उडून जाते. वरून सिमेंट लावलं की ओल आत कोंडते. दोन पावसाळे भिंत छान दिसते, मग गिलाव्याचा अख्खा पत्रा सुटतो आणि मागची माती ओली, भुसभुशीत निघते. भिंतीत गाडलेले खांब आणि तुळयांची टोकं याच ओलीत कुजतात. सिमेंटवर ऑइल पेंट म्हणजे दुप्पट नुकसान.

काय लावायचं ते भिंतीवर अवलंबून आहे.

पांढऱ्या मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा: चाळलेली माती, बारीक तोडलेला गव्हाचा भुसा आणि थोडं शेण, पाणी घालून आठवडाभर मुरवायचं, रोज पायाने तुडवायचं. वर चुन्याची सफेदी.

विटांच्या भिंतीला चुन्याचा गिलावा. विरवलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवायचा, जितका जास्त मुरेल तितका चांगला. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलसर जागी वाळूपैकी एक भाग विटांची सुरखी (पूड). मिश्रण चुन्याच्या घाण्यात किंवा मिक्सर गिरणीत नीट मळायचं. फावड्याने ढवळलेला चुना पकडत नाही, आणि बहुतेक ठिकाणी काम फसतं ते इथेच. जुन्या सांध्यांतला सैल माल अर्धा इंच खोल खरवडा, भिंत भिजवा, पहिला थर अर्ध्या इंचाहून जाड नको, तो घट्ट झाला की दुसरा पातळ थर. ओली गोणपाटं टांगून आठ-दहा दिवस ओल ठेवा. उन्हाळ्यात चुना भाजून निघतो आणि पावसात धुऊन जातो. दिवाळी ते माघ हा खरा हंगाम.

गूळ, हिरडा, मेथी घालायची का, असं हमखास विचारतात. घालतात आणि फायदा होतो, पण चुना नीट विरला-मुरला नसेल तर गुळाने काही साधत नाही.

९. सोप्यातला खांब खालून पोकळ वाजतोय. अख्खा बदलावा लागेल का?

क्वचितच. आधी खाली वाकून पाहा: खांबाखालचा दगडी तळखडा दिसतो का? मूळ बांधणीत खांब या दगडावर उभा असतो आणि दगड जमिनीच्या वर असतो, म्हणजे लाकडाला जमिनीची ओल लागत नाही. पुढे कोणीतरी जुन्या जमिनीवर कोबा केला, त्यावर शहाबादी फरशी, त्यावर आणखी टाइल्स. जमीन चार-सहा इंच वर आली, तळखडा गाडला गेला आणि लाकडाचा बुंधा ओल्या सिमेंटमध्ये उभा राहिला. रोज फरशी पुसली की पाणी तिथेच मुरतं. पेठांतल्या खांबांचं सर्वांत मोठं दुखणं हे एवढंच आहे.

काम असं करा:

लाकडी मोगरीने खालपासून वर ठोकत या. बद्द आवाज कुठे खणखणीत होतो तिथे खडूने रेघ मारा. मग टोचा घाला. सडकं लाकूड लोण्यासारखं शिरतं, चांगलं सागवान टोच्याला अडवतं. रेघेच्या वर चार-पाच इंच चांगल्या लाकडापर्यंत काप घ्यावा लागेल.

खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुळईखाली टेकू द्या, टेकूखाली जाड फळी. जॅक फक्त भार उचलेल इतकाच फिरवा. तुळई सरळ करायच्या नादात इंचभर वर रेटली की वरच्या मजल्याच्या भिंतीला तडा जातो. शंभर वर्षं वाकलेली तुळई वाकडीच राहू द्या.

सडका भाग कापून त्याच जातीचं, वाळलेलं जुनं सागवान तिरक्या सांध्याने जोडा, लाकडी खुंट्या किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. साधं लोखंड गंजून लाकूड काळं करतं. भोवतीची फरशी कापून तळखडा मोकळा करा, त्याभोवती दोन इंचांची फट ठेवा आणि ती पुन्हा सिमेंटने भरू देऊ नका. गवंडी भरायला जातोच, तिथे उभं राहावं लागतं.

१०. वाळवी लागली आहे. औषध मारून भागेल?

वाळवी ओलीच्या मागे येते, म्हणून आधी ओल थांबवा (प्र. ९, ११, १२). मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या कुठून निघतात ते शोधा. बहुतेकदा न्हाणीघराची भिंत किंवा परसातला ढिगारा. प्रशिक्षित माणसाकडून जोत्याभोवती भोकं पाडून औषध घाला. आड किंवा विहीर जवळ असेल तर त्याला आधी सांगा.

पांढऱ्या पिठासारखा भुसा आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे ती वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगा. तो कोरड्या लाकडातही राहतो. त्यावर बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं द्रावण ब्रशने दोन-तीन हात द्या. पण लाकडावर रंग असेल तर तो काढल्याशिवाय आत मुरत नाही. शेवटी जवसाचं तेल. ऑइल पेंट नको.

११. पावसाळ्याआधी छपराचं काय काय पाहावं?

दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळून घ्या. फुटलेली बदला, सरकलेली बसवा, खालच्या रिपा (लाकडी पट्ट्या) कुजल्या असतील तर त्याच वेळी काढा. जुन्या घाटाची कौलं आता सहज मिळत नाहीत, म्हणून पाडलेल्या वाड्यांतून शंभरएक आणून परसात रचून ठेवा. पन्हळी साफ करा. छपराची दोन अंगं मिळतात तिथली नाळ हाताने चाचपून पाहा. गळती बहुतेक तिथूनच निघते आणि पाणी तुळईवरून वाहत लांब कुठेतरी टपकतं, त्यामुळे लोक भलतीच कौलं बदलत बसतात. चौकातली मोरी उघडून बादलीभर पाणी ओता: पाणी लगेच उतरलं पाहिजे. कौलांवर चालताना पाय आडव्या वाशांच्या रेषेवर ठेवा.

भिंतीत पिंपळ-उंबर उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतात. बुंधा कापा, ताज्या कापावर औषध लावा, मुळं मेली की पुढच्या हिवाळ्यात फट चुन्याने भरा.

१२. वरच्या मजल्यावर संडास-बाथरूम करता येईल का?

कडीपाटाच्या तक्तपोशीवर नको. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती आणि कोबा अशी ती जमीन आहे; फरशीतून झिरपलेलं पाणी मातीत साठतं, खालून काही दिसत नाही आणि तुळईचं भिंतीतलं टोक आतून कुजतं. दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. सोय हवीच असेल तर परसाच्या बाजूला, स्वतःच्या पायावर उभी, जुन्या भिंतीला न टेकणारी वेगळी जोडणी करा. आधी केलेलं बाथरूम असेल तर खालची एक फळी काढून तुळईचं टोक दर दोन वर्षांनी तपासा. आर्द्रतामापक लावलंत तर लाकडातली ओल वीस टक्क्यांखाली असायला हवी.

वायरिंगचंही इथेच सांगतो: लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग ठेवूच नका. पाइपातून नवीन घ्या आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. कोरडं सागवान पेटलं की थांबत नाही.

१३. वाड्याचे जुने कागद कुठे मिळतील?

सुरुवात आजपासून करून मागे जा. नगर भूमापन कार्यालयातून सिटी सर्व्हे क्रमांकाची मिळकत पत्रिका काढा. ती ऑनलाइनही मिळते. तिच्यातले सगळे फेरफार आणि ‘सत्ता प्रकार’ (जमीन कोणत्या हक्काने धरली आहे) हा रकाना नीट वाचा. मग तिथलीच चौकशी नोंदवही मागा. पहिल्या मोजणीच्या वेळी मालकी कशी ठरवली, कोणी काय सांगितलं, हे तीत असतं, आणि लोक नेमकी तीच मागायला विसरतात. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडचे खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्राचे शोध. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, पण ताबा दाखवते.

त्याहून मागचं सगळं मोडी लिपीत. पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे, आणि सदाशिव पेठेत १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जाताना मूळ पुरुषाचं नाव, पेठ, हुद्दा आणि अदमासे काळ लिहून न्या. ‘आमच्या वाड्याचं काही आहे का’ एवढ्यावर काही सापडत नाही. घरातले मोडी कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सपाट ठेवा, फोटो काढा, मग वाचणाऱ्याकडे न्या.

१४. मिळकत पत्रिकेवर आजोबांच्या पिढीची नावं आहेत. आत्यांचा आणि बहिणींचाही हक्क लागतो का?

लागतो. आजोबांच्या पिढीपासून वंशावळ काढा आणि प्रत्येक मृत्यूनंतरचे वारस लिहा. आत्यांचा वाटा त्यातून निघतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद (मुलाइतकीच हिस्सेदार) आहे (हिंदू उत्तराधिकार कायद्याची ९ सप्टेंबर २००५ पासूनची दुरुस्ती), आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र उघडली जात नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढं सांगून सहसा भागत नाही.

पूर्वी राहत्या घराची वाटणी मुलगे मागेपर्यंत मुलींना मागता येत नसे. ते कलमही २००५ मध्ये गेलं. पेठांत अजून त्याच जुन्या समजुतीवर व्यवहार होतात. बहिणीने हक्क सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं; साध्या स्टॅम्पपेपरवर केलेल्या सहीने तिचा हक्क जात नाही.

१५. एका चुलतभावाने आपला हिस्सा परस्पर बिल्डरला विकला. आता तो वाड्यात घुसू शकतो का?

एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला तरी त्याला तुमच्याबरोबर संयुक्त ताबा मिळत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४४). त्याला वाटणीचा दावाच लावावा लागतो. आणि त्याने दावा लावला की तुम्हाला त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क मागता येतो (वाटणी कायदा १८९३, कलम ४). हे बळ तुम्ही तिथे कुटुंब म्हणून राहत असाल, किंवा निदान घर तसं राखलं असेल, तोवरच टिकतं. सगळं भाड्याने देऊन टाकलेला वाडा ‘राहतं घर’ ठरवणं अवघड जातं.

१६. वारसांपैकी दोघे अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. सह्यांचं काय करायचं?

कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या पद्धतीने प्रमाणित करून पाठवा. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरलं पाहिजे. इथेच बहुतेकांची तारीख चुकते, म्हणून कुरिअरचा लखोटा जपून ठेवा. पत्रात सिटी सर्व्हे क्रमांक, पेठ, घर क्रमांक आणि नेमके अधिकार लिहा. ‘सर्व कामे’ एवढ्यावर निबंधक अडवतो. दुरुस्तीचे आणि विक्रीचे अधिकार वेगळ्या पत्रांत द्या, म्हणजे कौलं बदलायला दिलेल्या सहीवर वाडा विकला जाणार नाही.

१७. हेरिटेज यादीत वाडा आला तर मालकाच्या हातात काही उरतं का?

उरतं. श्रेणी १ मध्ये बाहेर-आत जवळजवळ काहीच बदलता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवा वापर परवानगीने होतो, दर्शनी भाग राखून. श्रेणी ३ मध्ये रस्त्याचा तोंडवळा राखला तर बरंच काही करता येतं. मालकी, भाडं, विक्री, वारसा यांवर यादीचा परिणाम नाही. बांधकामाचे हक्क वापरता आले नाहीत तर त्याबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागता येतो. अर्जाला मोजणी नकाशा आणि जतनाचा आराखडा लागतो. कौलं बदलणं, गिलावा, रंग ही कामं सूचीतल्या वाड्यातही विचारून करा, कारण वाद होतो तो दर्शनी भागाच्या साहित्यावरून.

१८. भाडेकरू चाळीस वर्षं जुन्या भाड्यात राहतात. त्या भाड्यात दुरुस्ती कशी करायची? आणि भाडेकरूने काय करावं?

दोघांचीही अडचण खरी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. ती अनेक मालकांनी कधी मागितलेलीच नसते. इमारत राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम (कलम १४). भाडेकरूने लेखी नोटीस द्यावी, निदान पंधरा दिवस थांबावं, मग स्वतः दुरुस्ती करून मर्यादेत भाड्यातून वळती करता येते. बिलं आणि आधीचे-नंतरचे फोटो ठेवावेत. पाणी-वीज तोडून भाडेकरूला काढायला कायद्याने मनाई आहे.

भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. आणि भाडेकरूनेही हे लक्षात ठेवावं: सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर ते ताबा मागण्याचं कारण ठरतं. कुलूप लावून उपनगरात राहायला गेलेल्यांचे दावे इथेच पडतात.

व्यवहारात चालणारा मार्ग म्हणजे छपराचा खर्च मालक-भाडेकरूंनी लेखी करार करून वाटून घेणं, आणि त्याने कोणाचा हक्क वाढत किंवा कमी होत नाही असं त्यातच लिहिणं.

१९. महापालिकेची ‘सी-१’ नोटीस आली. वाडा पाडावाच लागेल?

सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून उतरवायची इमारत, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी न हलवता दुरुस्त करायची, सी-३ किरकोळ दुरुस्तीची. नोटीस आली की आधी माणसं सुरक्षित जागी न्या. वाद त्यानंतर घाला.

मग संरचना अहवाल नीट वाचा. त्यात काँक्रीटच्या चाचण्यांचे आकडे असतील तर तो लाकूड-मातीच्या वाड्याला लागू नाही. जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडून दुसरा अहवाल घ्या: खांबागणिक, तुळईगणिक स्थिती, टेकूंचा नकाशा आणि दुरुस्तीचा अंदाज असलेला. सी-१ चा वाडा सी-२ए मध्ये येऊ शकतो, पण मुदतीत आणि कागदावर.

भाडेकरूंनी घाबरून सही करू नये. प्रत्येक बिऱ्हाडाचं चटई क्षेत्र मोजून महापालिकेच्या नोंदीत घालून घ्यावं. वाडा पाडला म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. सांगलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसा निर्णय दिला आहे.

२०. आमचा वाडा शनिवारवाड्याला लागून आहे. नवीन बांधायला परवानगी मिळत नाही, दुरुस्तीलाही नाही का?

शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम किंवा पाडून पुनर्बांधणी नाही. दुरुस्ती आणि नूतनीकरण मात्र होतं: इमारत १६ जून १९९२ पूर्वीची असल्याचा पुरावा (घरपट्टी, मिळकत पत्रिका, जुने नकाशे) लावून सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. म्हणून या पट्ट्यातल्या मालकांना आग्रहाने सांगणं आहे: वाडा पाडू नका. एकदा जमीनदोस्त झाला की दुरुस्त करायलाच काही उरत नाही आणि जागा मोकळी पडून राहते. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम होतं, पण परवानगी आणि उंचीची मर्यादा येते.

२१. उतरवणं टळतच नसेल तर आधी काय करावं?

प्रत्येक मजल्याचा मोजणी नकाशा, चौकातून चारही बाजूंचे समोरासमोर फोटो, शेजारी मोजपट्टी धरून खांब, महिरप, दरवाजा यांचे जवळचे फोटो. खांबांना खडूने क्रमांक घाला. ठेकेदाराच्या करारात लाकूड कोणाचं हे साफ लिहा. न लिहिलं तर ते त्याचं समजलं जातं, आणि जुन्या सागवानाची किंमत उतरवण्याच्या मजुरीपेक्षा बरीच जास्त असते. सांधे पहारीने फोडू देऊ नका, खुंट्या काढून सोडवायला सांगा. तळखडे, दिंडी आणि देवघराची चौकट आधी बाजूला काढून घ्या.

२२. भिंतीतल्या बळदात (धान्याच्या पोकळ कोठीत) नाणी किंवा भांडी सापडली तर ती आमचीच ना?

आपोआप नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडवलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा वाटाही जातो आणि शिक्षाही होते. नाणी घासूनपुसून लखलखीत करू नका. जागेचा फोटो काढा, कोणत्या थरात होती ते लिहा. धान्याच्या बळदात बहुतेक वेळा धान्याची राखच निघते, हेही सांगून ठेवतो.

२३. आजोळच्या वाड्याचा कोरीव खांब आठवण म्हणून न्यू जर्सीला न्यायचा आहे. पाठवता येईल?

शंभर वर्षांहून जुना असेल तर नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे, म्हणजे घरचे मोडी रुमालही (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) त्यात येऊ शकतात. वस्तू शंभर वर्षांहून नवी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी घ्या, नाहीतर कस्टम्समध्ये अडकते. खांब इथल्याच एखाद्या नातेवाइकाच्या घरी, तळखड्यासकट, कोरड्या जागी उभा करा आणि न्यू जर्सीला त्याची मापं न्या. चांगला सुतार त्यावरून तसाच दुसरा घडवून देतो.